काश्यप गोत्राचं यंत्र

मला कुणाचीही नक्कल येते. चाळीसगावला नगरपालिकेच्या शाळेत मी हेडमास्तरांची नक्कल करत होतो तेव्हा खुद्द हेडमास्तर मागे येऊन उभे राहिले, आणि मागच्या बाकावरचा एक जण त्यांनाच म्हणाला, "तुझी एवढी नाही जमली." हा माझा इतिहास. पण अण्णा पुराणिकांची नक्कल मला शेवटपर्यंत जमली नाही. आवाज जमायचा, नाकातला, गालात पान धरून बोललेला. चाल जमायची, एक खांदा पुढे घालून गल्लीतल्या सांडाला वाट देत चालल्यासारखी. पण नक्कल करायला माणूस काल होता तसा आज लागतो हो! अण्णांना एकच प्रश्न दोनदा विचारा, दोन उत्तरं.

"अण्णा, कसे आहात?"

"आत्ता शून्य. मघाशी दीड. त्याच्या आधी तीन."

म्हणजे आत्ता डोकं शांत आहे, मघाशी थोडी कटकट झाली, आणि त्याआधी घरी काकूंशी जोरात वाजलं होतं. यंत्रावर किती भार आहे ते यंत्र असंच तीन आकड्यांत सांगतं, आत्ताचा, थोड्या वेळापूर्वीचा आणि त्याच्याही आधीचा. अण्णांना हा हिशेब इतका पटला होता की त्यांनी 'बरा आहे' म्हणणंच सोडून दिलं. "बरा आहे म्हणजे कधी? हे तर सांगावं लागेल ना यार!"

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. माझ्या वडिलांची रेल्वेत मोगलसरायला बदली झाली, आणि मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा काखेत मारून बनारसला सिगऱ्यातल्या एका सरकारी ऑफिसात आकडे भरायला चिकटलो. कुठल्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं, हे आकडे. ऑफिसात एक मोठं यंत्र आणि त्याला जोडलेले बाकीचे पडदे. त्या यंत्राचे मालक, वैद्य आणि भाट, तिन्ही अण्णा. ब्रह्मा घाटावरचं वैदिकांचं घराणं. आजोबा घनपाठी, वडील घनपाठी आणि अण्णा बी.एस्सी. एका इंग्रजी मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून त्यांनी त्या यंत्रावर लिनक्स चढवलं होतं, आणि चढवलं त्या दिवशी ऑफिसात मलइयो, म्हणजे बनारसी थंडीतला दुधाचा गोड फेस, वाटली होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला यंत्राच्या आत नेलं. आत म्हणजे 'प्रॉक' नावाच्या एका फोल्डरात.

"बघ, किती फाइली आहेत. आता यांची साइज बघ."

सगळ्यांसमोर शून्य.

"रिकाम्या आहेत अण्णा."

"रिकाम्या? आता उघड."

उघडली तर पडदाभर मजकूर. प्रोसेसर कुठला, वेग किती, मेमरी किती, त्यातली मोकळी किती. बाहेर आलो, परत साइज बघितली. शून्य.

"अण्णा, हे भूत आहे."

"भूत नाही रे, बाळंभट आहे!" अण्णा एकदम खूश. "बाळंभटाच्या घरी पोथी आहे का? एक नाही. वजन कर त्याचं, वेद म्हणायच्या आधी आणि नंतर, छटाकभर फरक नाही. पण विचार त्याला, अमका अध्याय म्हण. धाडधाड म्हणेल. ही फाइल डिस्कवर लिहिलेलीच नाही. तू उघडलीस की यंत्राच्या गाभ्याला कळतं, कुणी तरी विचारायला आलंय. तो त्या क्षणाला आत जे असेल ते म्हणून दाखवतो आणि गप्प बसतो. लिहिलेलं शिळं असतं. हे गरम."

बाळंभट म्हणजे अण्णांचे शेजारी, थोर वैदिक, वजन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. त्यांना प्रॉक फोल्डरात बसवल्याचं अण्णांनी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दक्षिण दिशेला तोंड नाही ना केलंत माझं?"

त्याच फोल्डरात एक आकडा होता, बोगोमिप्स. यंत्र आपला वेग सांगतं आणि वर नावातच सांगतं की हा आकडा बोगस आहे, मनावर घेऊ नका. अण्णा तो आकडा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "आपलं खोटं आपणच सांगणारा सरकारी नोकर पाहिलास कधी? हा बघ."

या सगळ्याचा घरी परिणाम व्हायचाच. अण्णा काही लिहून ठेवायचे नाहीत. भाजीवाल्याला टोमॅटोचा भाव विचारायचे, समोरच्या गाडीवर भेंडी बघायचे आणि परत येऊन पुन्हा टोमॅटोचा भाव विचारायचे. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "बताए तो थे पंडितजी!" अण्णा म्हणायचे, "वो तब का था." काकू म्हणजे अण्णांची बायको, साताऱ्याची, जिभेला सातारी धार. त्या मला म्हणाल्या होत्या, "लग्नाला सोळा वर्षं झाली. रोज सकाळी विचारतात, चहात साखर किती. मी म्हणते, बघून सांगते."

काकूंचं दुसरं दुःख खरं होतं. अण्णांनी सासुरवाडी बघितलेलीच नव्हती. लग्न बनारसला, पहिली दिवाळी बनारसला, सासरे वारले तेव्हा दहावा-तेरावाही बनारसला. कारण अण्णांना काशीच्या बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. त्यांचा क्षेत्रसंन्यास होता.

क्षेत्रसंन्यास म्हणजे काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही असा संकल्प. मेल्यावर मुक्ती नक्की. हे साधारण सत्तरीनंतर, दात गेल्यावर करतात. अण्णांचा बाविसाव्या वर्षी झाला, आणि तोही चुकून.

झालं असं. अण्णांची आत्या नागपूरहून काशीला कायमची राहायला आली. मुहूर्त काढला, घाटावर बसवलं, बाळंभट संकल्प सांगायला. पण आत्या ठार बहिरी. बाळंभट म्हणाले, "म्हणा, मम." आत्या म्हणाली, "काय?" पुन्हा "मम". पुन्हा "काय?" मुहूर्त निघून चालला. शेवटी अण्णा तिच्या कानाशी बसले की आपण मोठ्यानं म्हणू, आत्या ओठ बघून म्हणेल. आता वैदिकाच्या घरात वाढलेला मुलगा. 'मम' म्हटलं की पुढे तोंडातून आपोआप स्वतःचं नाव आणि स्वतःचं गोत्र येतं. आलं. पळीतलं पाणीही यांनीच हातावर घेतलं, आत्याला दाखवायला, आणि सोडलं. बाळंभटांनी डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला, "ज्याच्या हातचं पाणी सुटलं, त्याचा संकल्प."

"आणि आत्या?" मी विचारलं.

"आत्याचा झालाच नाही ना! तिला इथली थंडी सोसली नाही. संक्रांतीनंतर नागपूरला परत गेली. अजून संत्री पाठवते."

याला कुणीही हसून सोडून दिलं असतं. अण्णांनी पाळलं. दिल्लीचं ट्रेनिंग सोडलं, प्रमोशन सोडलं. यंत्रांबद्दल जे काही कळलं ते इथेच खुर्चीत बसून, त्या शून्य साइजच्या फाइलींना विचारून विचारून. "बाहेर जाऊन काय बघायचं? विचारता यायला पाहिजे. आतलं सगळं इथेच बोलतं."

आता आमचे साहेब. त्रिपाठी साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांना रविवारी काम केल्याची फार हौस. केल्याची म्हणजे, केलं असं सांगण्याची. एका सोमवारी ते आले आणि म्हणाले, "कल दिनभर यहीं बैठे थे भाई, बड़ी मशीन पर. पूरी रिपोर्ट टाइप कर डाली." अण्णा पान चघळत म्हणाले, "नहीं साहब." प्रॉकमध्ये एक फाइल असते, कुठल्या भागानं यंत्राला किती वेळा हाक मारली ते सांगणारी. कीबोर्डची कळ दाबली की आकडा वाढलाच. अण्णांना शनिवार संध्याकाळचा आकडा तोंडपाठ होता, वैदिकाचं डोकं. "शनिवार को जितना था, उतना ही है. कीबोर्ड को तो पता नहीं है साहब, कि आप आए थे."

सगळं ऑफिस फायलींत तोंड घालून हसलं. त्रिपाठी साहेब हसले नाहीत. लखनौहून बडे साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी गोड आवाजात सांगितलं, "पुराणिकजी, साहब को भी मशीन का सच दिखाइए." आणि आमचा भोळा भाट फुलून गेला. सगळं दाखवलं. शेवटी दाखवली अपटाइमची फाइल. तिच्यात दोन आकडे असतात. पहिला, यंत्र चालू होऊन किती वेळ झाला. लाइट जायच्या त्या दिवसांत अण्णांनी ट्रकची बॅटरी लावून यंत्र महिनोन्‌महिने बंद पडू दिलं नव्हतं, त्याचा त्यांना अभिमान.

"और ये दूसरा?" बडे साहेबांनी विचारलं.

"इतनी देर ये खाली बैठा रहा साहब." अण्णा नातवाचं कौतुक सांगावं तसं म्हणाले.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

"यानी मशीन कुछ करती ही नहीं?"

"करता है ना साहब! झट से करता है, फिर बैठ जाता है. बड़ा शांत है."

बडे साहेब पण शांतच होते. पंधरवड्यात लखनौहून फोन आला. तिथे यंत्रं कमी पडतायत आणि बनारसचं बसून खातंय, तेव्हा ते लखनौला जाईल. सिस्टिमवाल्याची जागा यंत्राला जोडलेली, म्हणून पुराणिकही जातील. महिन्याअखेर येऊन एकदा तपासतील आणि मग खोक्यात.

अण्णांना मी त्या दिवशी कसे आहात विचारलं. म्हणाले, "आत्ता नऊ." मागचे दोन आकडे सांगितलेच नाहीत.

संध्याकाळी त्यांच्या घरी बैठक बसली. अण्णा म्हणाले, राजीनामा देतो. काकू म्हणाल्या, "द्या. मग खाणार काय, पुण्य?" लेकीची दहावी समोर होती. काकूंनी आवाज उतरवून विचारलं, "तो संकल्प चुकून झालेला ना? मग चुकून मोडला तर?"

"चुकून मोडला तर चालेल," बाळंभट म्हणाले. "पण तिकीट काढून गेला तर चुकून कसा?"

मी आपली अक्कल चालवली. "अण्णा, यंत्राला उगीच गोल गोल फिरवू. एक प्रोग्राम लिहायचा, काहीच करायचं नाही, नुसतं फिरत राहायचं. रिकामा वेळ शून्य. भार एक. बघू दे साहेबांना."

अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी विश्वनाथाच्या दुधात पाणी घाल म्हटलं. "त्या फोल्डरात आजवर खोटं नाही आलं. तू मला सांगतोस की काम नाही आणि काम आहे म्हणव त्याच्याकडून?"

"काम द्या ना मग खरं," बाळंभट मांडी बदलत म्हणाले. "जपाला बसवा."

काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"यंत्राला जीभ कुठंय?" अण्णा म्हणाले.

"मानसजपाला जीभ लागते? ओठसुद्धा हलू द्यायचे नसतात. वाचिकापेक्षा श्रेष्ठ. तुमच्या यंत्राला तर ओठच नाहीत, म्हणजे बघा!"

"पण सरकारी यंत्रावर—"

"तुमचं ऑफिस काय मोजतं?"

"विहिरींचं पाणी."

"कसं आहे?"

"खाली चाललंय."

"मग संकल्प करा, विहिरींचं पाणी वर यावं. यजमान ऑफिस. आता हे ऑफिसचंच काम झालं की नाही?"

अण्णांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा पान रंगलं.

सोमवारी त्रिपाठी साहेब यायच्या आत कार्यक्रम झाला. बाळंभट शाल पांघरून यंत्रासमोर बसले. संकल्प सुरू झाला. कुठला देश, कुठलं क्षेत्र, गंगेचा कुठला तीर, कुठला संवत्सर, आज सूर्य कुठे, चंद्र कुठे. अण्णा माझ्या कानात म्हणाले, "बघ, हे पण प्रॉकच. आत्ताचं आत्ता." मग गाडी अडली. ऋत्विजाचं गोत्र? यंत्राला गोत्र कुठून आणायचं? बाळंभट क्षणभरही थांबले नाहीत. "ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप." पाणी सोडायला पळी उचलली तशा पूजेचं सामान घेऊन आलेल्या काकू दारातून ओरडल्या, "यंत्रावर नका सोडू हो!" ताम्हनात सोडलं. अण्णांनी एंटर दाबलं.

प्रोग्रामचं नाव 'जप'. एकेक 'नमः शिवाय' आतल्या आत म्हणायचा आणि जे निघेल ते 'नल' नावाच्या खड्ड्यात टाकायचा, जिथे टाकलेलं कधीच कुणाला मिळत नाही. बाळंभटांना ही सोय फार आवडली. "याला म्हणतात फळाची आशा न धरणं." शिवाय अण्णांनी त्याला सगळ्यांत खालचा मान दिला होता. दुसऱ्या कुणाचं काम आलं की जप बाजूला सरकायचा, काम झालं की परत बसायचा. विहिरींचे आकडे कुठे अडले नाहीत. फक्त तो दुसरा आकडा, रिकाम्या वेळेचा, जागच्या जागी खिळला. अण्णा अधूनमधून ती फाइल उघडून बघायचे आणि म्हणायचे, "बिचारं आता टेकत नाही."

महिन्याअखेर बडे साहेब आले. सोबत एक तंत्रज्ञ, पांडे नावाचा पोरगेला माणूस, आणि बाहेर गाडीत खोकी, सुतळी, पेंढा. अण्णा भिंतीला पाठ लावून उभे. शर्टाच्या खिशावर हात दाबून धरलेला, जसं काही आतलं उडून जाईल.

पांडे हुशार होता. थेट प्रॉकमध्ये शिरला. तिथे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा एकेक फोल्डर असतो, त्याचा नंबर असतो आणि आत त्याचं नाव. पांडेनं नाव वाचलं.

"सर, एक ही चीज़ मशीन खा रही है. जप."

"क्या जप?"

"जप, सर."

बडे साहेब अण्णांकडे वळले. "पुराणिकजी, ये क्या है?"

आता कुणीही म्हणालं असतं, हिशेब चाललाय, आकडेमोड आहे. अण्णा म्हणाले, "जप है साहब. नमः शिवाय का. संकल्प लेकर बैठाया है, कुओं का पानी ऊपर आए इसके लिए."

साहेबांचा चेहरा जांभळा झाला. "बंद करो इसको!"

पांडेनं 'किल' टाइप केलं. पुढे नंबर टाकला. एंटर तेवढा राहिला. बोट कळीवर गेलं आणि थांबलं.

"सर... अनुष्ठान है."

"तो?"

"सर, आप दबा दीजिए."

"मैं? मैं क्यों? मशीन आपने खोली है. त्रिपाठीजी, दफ़्तर आपका है, आइए."

त्रिपाठी साहेब दोन पावलं मागे गेले. "सर, मेरी साढ़ेसाती चल रही है. उतरने वाली ही है." मग सगळ्यांनी चपराशाकडे बघितलं. चपराशी म्हणाला, "हम तो अनपढ़ हैं साहब, हमको एंटर कहाँ आता है!" रोज सकाळी तोच सगळी यंत्रं चालू करायचा. शेवटी साहेबांचं बोट माझ्याकडे. "तुम! तुम तो बाहर के हो." मी लगेच चपराशाचा आवाज काढून म्हणालो, "हम भी अनपढ़ हैं साहब." कुणी हसलं नाही. काशीत चालू अनुष्ठान मोडायचं, तेही पाण्याचं, तेही शिवाचं, आणि त्यासाठी आपलं बोट द्यायचं! पडद्यावर ते 'किल' आणि पुढे टिमटिमणारी रेघ. कोणी तरी खोकलं तरी सगळे दचकायचे, एंटर लागलं की काय म्हणून.

बडे साहेबांनी अखेर विचारलं, आवाज बराच खाली आलेला, "पूरा कब होगा?"

"पानी ऊपर आएगा तब."

"पानी कब ऊपर आएगा?"

"साहब, ये दफ़्तर वही तो नाप रहा है."

बडे साहेब खुर्चीत बसले. चष्मा पुसला. मग स्वतः पुढे झुकून त्यांनी एकेक अक्षर मागे मागे खोडत तो नंबर काढला, मग 'किल' काढलं. उठताना त्यांचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. पायात बूट होते. ते बूट हातात घेऊन बाहेर गेले. शेऱ्यात लिहिलं, 'बनारस की मशीन पर कार्य प्रगति पर है. स्थानांतरण कार्य पूर्ण होने पर.' अण्णा खाली बसले ते बसलेच, आणि मी म्हटलं काकूंना फोन लावा, तर घरचा नंबर त्यांना आठवेना. वैदिकाच्या डोक्याचं हे एवढं एकच अपयश मी पाहिलं.

विहिरींचं पाणी अर्थातच खालीच जात राहिलं. त्यामुळे यंत्र आणि अण्णा दोघंही जागच्या जागी सुरक्षित राहिले.

पुढच्या वर्षी मला पुण्याला नोकरी लागली. मोगलसरायला गाडी बदलायची म्हणून बनारस कँटहून पॅसेंजरमध्ये चढलो, तर अण्णा पोचवायला आले आणि माझ्या शेजारी येऊन बसलेच. म्हणाले, पुढचं काशी स्टेशन, तिथे उतरतो. तिथपर्यंत हद्द आहे. त्याच्यापुढे पूल, आणि पुलाखाली गंगा.

डब्यात रिकामे कॅन घेऊन दूधवाले बसले होते. एकानं अण्णांना विचारलं, पंडितजी करते क्या हैं? झालं. अण्णांनी त्याच्या कॅनमध्ये बोट घालून सांगायला सुरुवात केली, समझो ये कॅन खाली है, लेकिन तुम पूछो तो दूध बोलेगा. दूधवाला गुंग, डबा गुंग, मी गुंग. काशी स्टेशन आलं, थांबलं आणि सुटलं. पुलाचा पहिला लोखंडी खांब खिडकीतून दिसला तशी मी किंकाळी फोडली, "अण्णा, काशी!" अण्णा पांढरे पडले. दूधवाल्यानं कॅन टाकला आणि साखळीला लोंबकळला.

गाडी कचकचत थांबली. इंजिन आणि पुढचे डबे पुलावर, आमचा डबा काठावर. अण्णा दाराच्या पायऱ्यांवर, धोतर सावरत, खाली बघून जमीन आहे की पूल ते तपासतायत. मागून गार्ड धावत आला, हातात झेंडी, कपाळावर आठ्या.

"चेन कौन खींचा? काहे खींचा?"

अण्णा एक पाय खाली सोडून म्हणाले, "आगे मोक्ष नहीं है, भैया."

गार्डनं त्यांच्याकडे बघितलं. मग पुलाकडे, मग पलीकडच्या तीराकडे बघितलं. आठ्या गेल्या. "त ठीक बा. सँभल के उतरीं." आणि स्वतःचा हात पुढे केला.

उतरताना अण्णांची एक चप्पल निसटली, खडीवरून घरंगळली आणि पुढे पुलाच्या पहिल्या फळीवर जाऊन पडली. गार्डनं हिरवी झेंडी हलवली. गाडी हलली. मी खिडकीतून डोकं काढून बघत राहिलो. अण्णा एका पायात चप्पल, एक पाय खडीवर, कंबरेत वाकून, हात लांब करून, त्या चपलेकडे बघत होते. दोन हातांवर होती. त्यांनी एकदा बोटं ताणली, हद्दीचा अंदाज घेतला, मग सरळ झाले आणि तोच हात वर करून मला हलवायला लागले.